पट्टीचे तीन स्वर आणि एक तडा

हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात २५ बाय ३ ची पोलादी पट्टी मिळते. २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड. तिचं एक टोक वर्कशॉपमधल्या व्हाइसमध्ये घट्ट आवळा आणि ३०० मिलिमीटर भाग बाहेर मोकळा ठेवा. मोकळं टोक बोटानं दाबून सोडलं, की शाळेच्या बाकाच्या कडेवर फूटपट्टी वाजवावी तशी ती थरथरते. ही थरथर सेकंदाला सुमारे २७ वेळा होते. टोक थोडं दाबा किंवा जरा जास्त, आकडा तोच राहतो. दुप्पट रुंदीची पट्टी घेतली तरी तोच, कारण रुंदीबरोबर ताठरपणाही वाढतो आणि वजनही, आणि दोन्ही सारख्याच प्रमाणात. हा आकडा ठरवतात ती लांबी, जाडी आणि धातू.

एका टोकाला पकडलेल्या अशा तुळईला अभियंते कॅन्टिलिव्हर म्हणतात. घराची पुढे आलेली गॅलरी, विमानाचा पंख, टर्बाइनचं पातं ही सगळी त्याच कुळातली. या सगळ्यांच्या बाबतीत एक प्रश्न सारखाच पडतो. रंगाखाली किंवा आवरणाखाली तडा गेला असेल, तर तो डोळ्यांना दिसण्याआधी कळणार कसा? वाफेच्या इंजिनांच्या काळात लांब दांड्याचा हातोडा घेऊन गाडीची चाकं ठोकत जाणारा रेल्वेचा कामगार याच प्रश्नाचं उत्तर कानानं शोधायचा. खणखणीत आवाज आला तर चाक धड, बद्द आला तर चाक संशयित. त्याच्या कानाचं काम आज चुंबक आणि तांब्याच्या तारेचं वेटोळं करू शकतं, आणि कानाला कधीच जाणवणार नाहीत इतके बारीक फरक टिपू शकतं. ते कसं, हे आपण याच पट्टीवर पाहू.

आधी पट्टीची नीट ओळख करून घेऊ. तिला एकच स्वर नसतो. टोक दाबून सोडलं तर मुख्यतः २७ हर्ट्झचा पहिला स्वर मिळतो. पण छोट्या हातोडीनं टिचकी मारली, तर त्याच्यासोबत १७० हर्ट्झचा दुसरा आणि ४७७ हर्ट्झचा तिसरा स्वरही जागा होतो. पहिल्या स्वरात अख्खी पट्टी एकदम एकाच बाजूला वाकते. दुसऱ्या स्वरात मधला भाग एकीकडे जातो तेव्हा टोक दुसरीकडे जातं, आणि त्या दोहोंमधला एक बिंदू जागचा हलत नाही. तिसऱ्या स्वरात असे दोन स्थिर बिंदू असतात. दुसरा स्वर पहिल्याच्या ६.२७ पट आणि तिसरा १७.५५ पट. हे दोन आकडे मी मुद्दाम आत्ताच सांगून ठेवतो. पट्टी लांब असो वा आखूड, जाड असो वा पातळ, पोलादाची असो वा ॲल्युमिनियमची, ती सडपातळ असेल, जाडी सगळीकडे सारखी असेल आणि एक टोक पक्कं धरलेलं असेल, तर ही गुणोत्तरं बदलत नाहीत. पुढे तडा शोधताना खरा भरवसा त्यांच्यावरच ठेवायचा आहे.

आता तडा. हॅकसॉनं पट्टीच्या वरच्या अंगाला, व्हाइसच्या अगदी जवळ, आडवी खाच पाडली असं समजा. खाचेनं वजन जवळपास काहीच कमी होत नाही, पण त्या जागी पट्टी वाकायला सोपी होते. स्वर ठरतो तो ताठरपणा भागिले वजन यांच्या वर्गमुळावरून. वजन तेच राहिलं आणि ताठरपणा घटला, म्हणून स्वर उतरतो. किती उतरतो, याचा हिशोब तड्याच्या सूत्रांवरून करता येतो. खाच ०.३ मिलिमीटर खोल, म्हणजे जाडीच्या दहाव्या भागाइतकी असेल, तर पहिला स्वर ०.२ टक्क्यांपेक्षाही कमी उतरतो. २७ हर्ट्झमधून फक्त ०.०५ हर्ट्झ. खोली ०.९ मिलिमीटर झाली की घट सुमारे दीड टक्क्यावर जाते, आणि खाच अर्ध्या जाडीपर्यंत, दीड मिलिमीटरपर्यंत गेली की पाच टक्क्यांवर. नुकसान सुरुवातीला अतिशय हळू बोलतं आणि उशिरा मोठ्यानं. अर्धी पट्टी कापली गेल्यावर पाच टक्के! या विषयातल्या सगळ्या अडचणी या एका वाक्यात आहेत.

म्हणून मोजमाप फार नाजूक हवं, आणि चुंबकाची गरज इथेच लागते. कंपन मोजायचं म्हटलं की सहसा ॲक्सेलरोमीटर हाताशी येतो. पट्टीवर चिकटवायची ती छोटी डबी साधारण दहा ग्रॅमची असते. आपल्या पट्टीचा मोकळा भाग आहे पावणेदोनशे ग्रॅमचा. तरी डबी टोकाला लावली तर पहिला स्वर जवळपास दहा टक्क्यांनी खाली येतो, कारण टोकाच्या हालचालीच्या दृष्टीनं पट्टीचं वजन पाव हिश्श्याइतकंच, म्हणजे चव्वेचाळीस ग्रॅमच मोजलं जातं. ज्या पाहुण्यामुळे घरात दहा टक्के बदल होतो, त्याच्याकडून दीड टक्क्याची तक्रार ऐकायची, हे काही खरं नाही. डबीची वायरही हलते, ताणते आणि पट्टीची ऊर्जा खाते. पुलाच्या गर्डरला दहा ग्रॅमचं काहीच वाटत नाही. पण हलक्या तुळयांना, पात्यांना आणि फिरत्या दांड्यांना न शिवता ऐकणं हाच उत्तम मार्ग आहे.

न शिवता ऐकण्याचे दोन सरळ चुंबकी मार्ग आहेत. पहिला वेटोळ्याचा. कायम चुंबकाच्या दांडीभोवती बारीक इनॅमलची तार काही हजार फेरे गुंडाळायची आणि चुंबकाचं टोक पट्टीच्या खाली काही मिलिमीटरवर ठेवायचं. पट्टी पोलादाची असल्यानं चुंबकाच्या रेषा तिच्यातून जाणं पसंत करतात. पट्टी जवळ आली की वेटोळ्यातून जाणाऱ्या रेषा वाढतात, लांब गेली की घटतात. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलेल्या नियमाप्रमाणे या बदलामुळे तारेत विद्युतदाब तयार होतो. इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपमध्ये नेमकं हेच असतं, आणि १९३० च्या दशकापासून तो पोलादी तारांची थरथर अशीच ऐकत आला आहे. या सेन्सरला बाहेरून वीज लागत नाही आणि पट्टीला काहीही चिकटवावं लागत नाही. मात्र तो हालचाल मोजत नाही, हालचालीचा वेग मोजतो. संथ कंपन त्याला नीट ऐकू येत नाही, आणि सेकंदाला एकदोनदा हलणाऱ्या गोष्टीपुढे तो जवळपास मुका होतो.

दुसरा मार्ग हॉल सेन्सरचा. एडविन हॉल हा अमेरिकी विद्यार्थी १८७९ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सोन्याच्या पातळ वर्खातून वीज नेत होता. वर्खावर चुंबकी क्षेत्र लावलं, की वर्खाच्या दोन कडांमध्ये आडवा विद्युतदाब येतो, हे त्याच्या लक्षात आलं. आज हाच परिणाम तांदळाच्या दाण्याएवढ्या अर्धवाहक चिपमध्ये बसवलेला असतो, आणि एका गॉसला (गॉस म्हणजे चुंबकी क्षेत्राचं एकक) काही मिलिव्होल्ट इतकं उत्तर ती चिप देते. हॉल सेन्सर क्षेत्र किती आहे हे सांगतो, ते किती वेगानं बदलतंय हे नाही. म्हणून पट्टी स्थिर असली तरी तिची जागा तो सांगू शकतो. पट्टीच्या टोकाला ५ मिलिमीटर व्यासाचा, २ मिलिमीटर जाडीचा निओडिमियम चुंबक ठेवायचा आणि समोर सेन्सर. चुंबकाचं वजन फक्त ०.३ ग्रॅम, त्यानं स्वर उतरतो तो ०.१ हर्ट्झच्या आसपास. हा बदल कायमचा आणि ठाऊक असलेला, म्हणून तो हिशोबातून वजा करता येतो. शिवाय असे सेन्सर स्वस्त असतात, त्यामुळे पट्टीखाली एक न ठेवता एक रांगच ठेवता येते. त्या रांगेचा उपयोग पुढे येईल.

हे दोन्ही सेन्सर फुकटात काम करत नाहीत, हे मात्र ठासून सांगायला हवं. चुंबक पट्टीला ओढतो, आणि पट्टी जवळ आली की जास्त ओढतो. त्यामुळे तो उलट्या दिशेनं काम करणाऱ्या स्प्रिंगसारखा वागतो, पट्टीला परत जागेवर यायला मदत करायच्या ऐवजी अडवतो. आपल्या पट्टीचं टोक एक मिलिमीटर वाकवायला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भार लागतो. म्हणजे अंतर एका मिलिमीटरनं बदलल्यावर चुंबकाची ओढ फक्त सव्वा ग्रॅमनं बदलत असेल, तरी ताठरपणात एक टक्का आणि स्वरात अर्धा टक्का फरक पडतो. तोच जर तड्याचा समजला, तर चांगली पट्टी भंगारात जाईल. म्हणून सेन्सरचं अंतर एकदा ठरवलं की ते फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांनी, तपासून दर वेळी तेच ठेवायचं. अंतर वाढवून बघायचं आणि स्वर बदलतो का ते पाहायचं, हीही चांगली सवय आहे.

दुसरी अडचण वाकड्या उत्तराची. छोट्या चुंबकाचं क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात घटतं. त्यामुळे पट्टी जवळ येताना सेन्सर जितका वर उसळतो, तितका लांब जाताना खाली येत नाही. साधं गणित असं की कंपन अंतराच्या दहाव्या भागाइतकं असेल, तर पहिल्या स्वराच्या दुप्पट वारंवारतेवर त्याच्या दहा टक्के ताकदीचा एक खोटा स्वर दिसू लागतो. १० मिलिमीटर अंतर आणि १ मिलिमीटर कंपन, इतक्यात हे घडतं. ही बाब किरकोळ नाही, कारण खरा तडासुद्धा दुप्पट स्वर निर्माण करतो. उपाय दोन आहेत. कंपन अंतराच्या शंभराव्या भागाच्या आत ठेवावं, किंवा पट्टीच्या वर आणि खाली समान अंतरावर एकेक सेन्सर ठेवून त्यांच्या उत्तरांची वजाबाकी करावी. खोटे दुप्पट स्वर दोघांत सारखे असतात, ते वजाबाकीत निघून जातात. खरी हालचाल दोघांत उलट असते, ती उरते.

पट्टी सतत वाजती ठेवायची असेल, तर दुसऱ्या बाजूला एक इलेक्ट्रोमॅग्नेट ठेवतात. इथे नवख्याला हमखास चकवा बसतो. इलेक्ट्रोमॅग्नेट पोलादाला फक्त ओढतो, विजेची दिशा कोणतीही असो. म्हणून ५० हर्ट्झची वीज दिली तर पट्टीला झटके १०० हर्ट्झनं बसतात. रस्त्याकडेचा ट्रान्सफॉर्मर १०० हर्ट्झनं गुणगुणतो त्यामागचं कारणही जवळचंच आहे: त्याच्या गाभ्यातलं पोलाद विजेच्या दोन्ही दिशांना सारखंच ताणलं जातं. २७ हर्ट्झ हवे असतील तर साडेतेरा हर्ट्झची वीज द्या, किंवा आधी थोडी एकदिशी वीज सोडून तिच्यावर २७ हर्ट्झची लहर चढवा. आणि वायरिंगमधले ५०, १५०, २५० हर्ट्झचे उसने स्वर वेटोळ्यात शिरतातच, ते ओळखून बाजूला ठेवायला शिकावं. सेन्सरची तार पिळून घेतली तर बराच फरक पडतो.

सेन्सरच्या लहरीतून आकडा काढणं हे त्यामानानं सरळ आहे. तिसऱ्या स्वरापर्यंत जायचं असेल तर सेकंदाला दोन हजार नमुने पुरतात. संगणक फूरिए रूपांतरानं त्यांतले स्वर वेगळे काढतो. अडचण येते ती बारकाईची. ०.०५ हर्ट्झचा फरक सुटा दिसायला साध्या पद्धतीनं २० सेकंद ऐकावं लागतं, आणि टिचकी मारलेल्या पट्टीची थरथर काही सेकंदांत विरते. म्हणून इलेक्ट्रोमॅग्नेटनं ती वाजती ठेवतात. नाहीतर विरत जाणारी लहर गणिती वक्राशी जुळवून आकडा काढतात. साधी युक्तीही आहे: लागोपाठ १०० फेऱ्यांना लागलेला वेळ मोजायचा. तो ३.७ सेकंदांच्या आसपास असतो. तो एक मिलिसेकंदाच्या अचूकतेनं मोजला, तर ०.०३ टक्क्याचा बदलही हाती लागतो.

आता सगळ्यात सुंदर भागाकडे येऊ. तडा आहे हे कळलं, पण तो कुठे आहे?

पट्टी कंप पावताना सगळीकडे सारखी वाकत नाही. पहिल्या स्वरात ती व्हाइसजवळ सर्वांत जास्त वाकते आणि मोकळ्या टोकाशी अजिबात नाही. तडा स्वराला किती त्रास देणार, हे त्या जागी पट्टी किती वाकते याच्या वर्गावर ठरतं. जिथे वाक नाही, तिथे तडा असून नसल्यासारखा. दुसऱ्या स्वरात व्हाइसपासून सुमारे ६५ मिलिमीटरवर अशी एक निवांत जागा आहे, जिथे पट्टी वाकत नाही. नेमकी तिथे खाच पाडा. दुसरा स्वर १७० वर ढिम्म राहील, पहिला मात्र उतरेल. ०.९ मिलिमीटर खोल खाचेला पहिला स्वर पाऊण टक्क्याच्या आसपास उतरतो. म्हणजे ६.२७ चं गुणोत्तर ६.३१ वर जातं. खाच पट्टीच्या जवळपास मध्यावर, १४९ मिलिमीटरवर असेल, तर तिसरा स्वर निर्विकार राहतो आणि पहिला व दुसरा उतरतात. कोणता स्वर किती उतरला या तीन आकड्यांच्या मेळातून जागा सापडते. १९७९ मध्ये ब्रिस्टल विद्यापीठात पीटर कॉली आणि रॉबर्ट ॲडम्स यांनी हे तत्त्व नीट मांडलं: दोन स्वरांमधल्या बदलांचं गुणोत्तर तडा किती खोल आहे यावर अवलंबून नसतं, तो कुठे आहे यावर असतं. खोली वाढली तर दोन्ही बदल सारख्या पटीनं वाढतात, गुणोत्तर जागचं हलत नाही. आधी जागा काढायची, मग खोली. मला हे तत्त्व विलक्षण देखणं वाटतं.

दोन्ही टोकांना टेकलेल्या सममित तुळईत मात्र एक संदिग्धता उरते. डावीकडून एक तृतीयांश अंतरावरचा तडा आणि उजवीकडून तेवढ्याच अंतरावरचा तडा सगळ्या स्वरांना सारखाच त्रास देतात. कोणत्या बाजूला आहे ते केवळ स्वरांवरून कळत नाही. सेन्सरची रांग कामी येते ती इथे. रांगेतल्या सगळ्या सेन्सरच्या उत्तरांवरून पट्टीचा वाकलेला आकार काढता येतो, आणि शेजारच्या तीन बिंदूंवरून त्या जागेची वक्रता. तड्याजवळ वक्रता एकदम उसळते. १९९१ मध्ये पांडे, बिस्वास आणि सॅमन यांनी हा मार्ग सुचवला. तो आकर्षक आहे, पण वक्रता काढताना दोन वजाबाक्या होतात आणि प्रत्येक वजाबाकीत सेन्सरचा गोंगाट फुगतो. म्हणून स्वरांनी आधी संशय घ्यावा, रांगेनं तो जागेवर नेऊन पक्का करावा, हा क्रम मला योग्य वाटतो.

आता ऊन. पोलाद तापलं की मऊ होतं. त्याचा ताठरपणा दर अंशाला ०.०२५ ते ०.०३ टक्के घटतो. दहा अंशांचा फरक पडला तर स्वर साधारण ०.१३ टक्के उतरतो, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या खाचेनं उतरतो जवळपास तितकाच. सकाळी एकदा आणि दुपारी एकदा मोजून तडा जाहीर करणारा माणूस प्रत्यक्षात तापमापक वाचत असतो. पण ६.२७ आणि १७.५५ हे आकडे उपयोगी पडतात ते इथे. पूर्ण पट्टी सारखीच तापली तर तिन्ही स्वर सारख्याच टक्क्यांनी उतरतात, गुणोत्तरं शाबूत राहतात. सगळीकडे सारखा गंज चढून पट्टी पातळ झाली तरी तसंच होतं: ३ मिलिमीटरची पट्टी २.९ झाली तर तिन्ही स्वर तीन टक्क्यांहून थोडे जास्त उतरतील, पण एकमेकांशी असलेलं त्यांचं नातं तेच राहील. एका जागी असलेलं नुकसान हे नातं बिघडवतं. म्हणून एका स्वराकडे पाहून निर्णय करू नये, तिघांकडे एकदम पाहावं.

यात एक मोठी खोच आहे. तडा अगदी व्हाइसच्या तोंडाशी असेल, तर तो तिन्ही स्वरांना सारख्याच टक्क्यांनी खाली आणतो. गुणोत्तरं बदलत नाहीत आणि तडा उन्हात लपून जातो. आणि पट्टीवर सर्वाधिक ताण तिथेच असतो, तडा पडायची शक्यताही तिथेच सर्वाधिक. व्हाइसचा स्क्रू किंचित सैल झाला तरी हुबेहूब हाच परिणाम दिसतो. प्रयोगशाळेत सर्वांत जास्त फसवणारी वस्तू चुंबक नसून व्हाइस आहे, असं माझं ठाम मत आहे. तडा मुळापासून दहा मिलिमीटर जरी पुढे असला, तरी चित्र पालटतं. त्याच ०.९ मिलिमीटरच्या खाचेला पहिला स्वर १.४ टक्के उतरतो आणि तिसरा जेमतेम ०.८ टक्के. पण अगदी मुळाशी पडलेल्या तड्यासाठी स्वरांवर विसंबू नये. शेजारी तशीच दुसरी धड पट्टी त्याच उन्हात ठेवून तुलना करावी, आणि मुळाची स्वतंत्र तपासणी करावी.

त्या तपासणीतही चुंबकच मदतीला येतो. पोलादातून जाणाऱ्या चुंबकी रेषा तड्याशी आल्या की बाहेर गळतात. १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये सॅक्सबी यांनी तोफांच्या नळ्यांवरून होकायंत्र फिरवून त्यांतले दोष शोधले होते, ते याच गळतीवर. शिवाय पोलादावर ताण आला की त्याचं चुंबकत्व बदलतं. इटालियन शास्त्रज्ञ व्हिलारी यांनी १८६५ मध्ये हे नोंदवलं. म्हणजे सेन्सर पट्टीची हालचालच नाही, तिच्या आतला ताणसुद्धा ऐकू शकतो. पुलांच्या केबलमधला ताण मोजायला या परिणामावर चालणारे सेन्सर वापरले जातात. पण साध्या बांधकामाच्या पोलादात आधीच्या चुंबकत्वाचा आणि आधीच्या ताणाचा इतिहास साचलेला असतो, त्यामुळे हे उत्तर स्वच्छ मिळत नाही.

हॅकसॉची खाच आणि खरा तडा यांतला फरकही ध्यानात घ्यायला हवा. खाच नेहमी उघडी असते. लाखो वेळा वाकून धातू थकल्यावर पडलेला तडा मात्र पट्टी एकीकडे वाकली की उघडतो आणि दुसरीकडे वाकली की मिटतो. मिटलेला असताना पट्टी जवळपास धड असते. त्यामुळे स्वर कमी उतरतो आणि प्रयोगातल्या खाचेवरून काढलेला तड्याच्या खोलीचा अंदाज प्रत्यक्षात तोकडा पडतो. पण दर फेरीत ताठरपणा बदलत असल्यानं मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट वारंवारतेचे स्वर जन्माला येतात. ते धड पट्टीत जवळपास नसतातच. वर खाली सेन्सर ठेवून खोटे दुप्पट स्वर आधी काढून टाकले असतील, तरच या खऱ्या खुणेवर भरवसा ठेवता येतो.

प्रयोगशाळेबाहेर ही विद्या सर्वांत चांगली रुळली आहे ती वीजनिर्मितीत. कोराडी किंवा चंद्रपूरच्या औष्णिक केंद्रात टर्बाइनचा दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो. तो दांडा म्हणजे दोन बेअरिंगांवर टेकलेली फिरती तुळईच. अशा मोठ्या टर्बाइनवर बेअरिंगपाशी एडी करंट प्रोब बसवतात. त्यांतल्या वेटोळ्यात उच्च वारंवारतेची वीज सोडलेली असते आणि दांड्याच्या पृष्ठभागात भोवऱ्यासारखे प्रवाह निर्माण होतात. अंतर बदललं की प्रवाह बदलतात आणि सेन्सर ते सांगतो. प्रचलित प्रोब एका मिलिमीटरला ७.८७ व्होल्ट इतकं उत्तर देतात. दांड्याला आडवा तडा गेला, की त्याच्या फिरण्याच्या दुप्पट वारंवारतेचं, म्हणजे १०० हर्ट्झचं कंपन वाढू लागतं, आणि नियंत्रण कक्षातल्या माणसाला मशीन बंद करायला वेळ मिळतो. हे इथे जमतं, कारण सेन्सर बसवायला बेअरिंगचं भक्कम, स्थिर घर उपलब्ध असतं.

पुलाखाली तसं घर नसतं. गर्डरच्या तळाशी नदी किंवा रस्ता, मग न शिवणारा सेन्सर टेकवायचा कशावर? तिथे चुंबक दुसऱ्या रूपात वापरावा लागतो. जिओफोनच्या डबीत चुंबक आणि वेटोळं असतं, त्यांतलं एक स्प्रिंगवर टांगलेलं. पूल हलतो, टांगलेला भाग जडत्वामुळे जागीच राहू पाहतो आणि त्यामुळे वेटोळ्यात वीज येते. पण पुलांचा पहिला स्वर कित्येकदा दोन-तीन हर्ट्झचाच असतो आणि वेटोळं संथ हालचालीला मंद असतं, हे आपण पाहिलं. म्हणून पुलांवर ॲक्सेलरोमीटरच जास्त वापरतात.

आणि पुलांवर ही पद्धत किती थकते, याचा प्रामाणिक पुरावा १९९३ मध्ये अमेरिकेत मिळाला. न्यू मेक्सिकोमध्ये आल्बुकर्की इथे रिओ ग्रांदे नदीवरचा आय-४० महामार्गाचा जुना पूल पाडायचा होता. पाडण्याआधी लॉस अलामॉस प्रयोगशाळेच्या संशोधकांनी त्याचा तीन मीटर उंचीचा पोलादी गर्डर टॉर्चनं टप्प्याटप्प्यानं कापला आणि दर वेळी स्वर मोजला. कापण्याआधी पहिला स्वर होता २.४८ हर्ट्झ. पहिल्या कापानंतर तो २.५२ झाला. उतरायच्या ऐवजी चढला! दुसऱ्या कापानंतरही २.५२ च. तिसऱ्यानंतर २.४६. खालची फ्लँज संपूर्ण कापली गेल्यावर, गर्डरची खालची बाजू पूर्ण तुटल्यावर, तो २.३० वर आला. तापमानाच्या चढउतारानं सुरुवातीचे घाव पूर्ण झाकले होते. त्याच राज्यातल्या अलामोसा कॅन्यन पुलावर केवळ २४ तासांत पहिला स्वर पाच टक्क्यांनी फिरल्याचं दिसलं. आपल्या पट्टीत पाच टक्के म्हणजे अर्धी जाडी कापलेली.

तरी काही नुकसानं अशी असतात, जिथे कुठलाच स्वर वेळेत उपयोगी पडत नाही. १५ डिसेंबर १९६७ रोजी ओहायो नदीवरचा सिल्व्हर ब्रिज कोसळला आणि ४६ माणसं गेली. कारण होतं साखळीतल्या एका पोलादी पट्ट्याच्या टोकाच्या भोकाजवळचा फक्त अडीच मिलिमीटर खोल तडा. एवढ्या छोट्या तड्यानं अख्ख्या पुलाचा स्वर मोजता येण्याइतका हलला नसता. जिथे एक भाग तुटला की सगळंच खाली येतं, तिथे त्या भागाची जवळून, हातानं आणि चुंबकानं थेट तपासणी करावी लागते. स्वर मोजून झाला म्हणून ती टाळता येत नाही.

या सगळ्यातून एक गोष्ट सहज करता येण्यासारखी आहे. तडा शोधायचा म्हणजे तुलना करायची, आणि तुलनेला धड असतानाचा आकडा हवा. तो आकडा नंतर कधीच मिळत नाही. नवा पूल वाहतुकीला खुला करण्याआधी भार टाकून त्याची चाचणी घेण्याची पद्धत आहे. त्याच दिवशी पुलाचे पहिले तीनचार स्वर, त्या वेळचं तापमान आणि सेन्सर कुठे होते याची नोंद करून ती पुलाच्या कागदपत्रांत ठेवावी. नंतरच्या वर्षभरात उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा, तिन्ही ऋतूंत एकेकदा तेच मोजावं, म्हणजे ऊन त्याला किती हलवतं तेही कळेल. ज्यांच्या हातात पुलांची, टर्बाइनची किंवा कारखान्यांतल्या तुळयांची देखभाल आहे, त्यांनी नवी तुळई बसवतानाच हे काम करून घ्यावं, ही माझी कळकळीची विनंती आहे.